नावात तफावत

मुलीचा फोन आला तेव्हा मी नळाला पाइप लावून टाकी भरत होते. यवतमाळात नळ कधी येईल याचा नेम नसतो, त्यामुळे तो आला की बाकीचं जग थांबतं. "आई, पाणी बंद कर आणि जरा खाली बस," ती म्हणाली. मी म्हटलं, "पाणी बंद होणार नाही, काय ते बोल." मग ती बोलली, आणि टाकी भरून अंगणात चिखल झाला तरी मला कळलं नाही.

तिच्या गर्भाशयात गाठ निघाली होती आणि ती चांगली नव्हती. ऑपरेशन सात आठवड्यांनी, पुढे पाच-सहा महिने औषधोपचार. ती आयर्लंडमध्ये नोकरी करते. नवऱ्यापासून फारकत होऊन दोन वर्षं झाली, तो तिसऱ्याच देशात. घरात ती आणि माझी पाच वर्षांची नात, एवढ्याच. ऑपरेशनच्या दिवसांत नातीपाशी घरचं मोठं माणूस नसेल तर तिला काही आठवडे परक्या कुटुंबात ठेवतील, असं तिला तिथे सांगितलं होतं. "माणसं चांगली असतात गं ती," असंही ती म्हणाली. मला त्या न पाहिलेल्या चांगल्या माणसांचा असा राग आला की विचारू नका. मग दोन मिनिटं इकडचंतिकडचं बोलून झाल्यावर तिने विचारलं, "तू येशील का?" त्याचा त्याहून जास्त राग आला. हे काय विचारायचं असतं?

आता माझी ऐपत सांगते, म्हणजे या जाण्याला कुणी फॉरेन टूर म्हणणार नाही. एका तालुक्याच्या कचेरीत मी चौतीस वर्षं कारकुनी केली. निवृत्त होताना हातात आलं त्यातलं बरंचसं नवऱ्याच्या आजारपणात गेलं, आणि नवराही गेला. उरलं पेन्शन आणि तीन खोल्यांचं घर. पेन्शन इथे एका बाईला पुरतं. तिकडे त्यात तिघींचा पंधरवड्याचा किराणाही धड आला नसता. रजेत मुलीचा पगार कमी होणार होता, म्हणजे मी तिच्या गळ्यात धोंड होऊन जाऊन चालणार नव्हतं. म्हणून पुढच्या दोन खोल्या मेडिकल कॉलेजच्या दोन मुलींना भाड्याने दिल्या आणि माझा चाळीस वर्षांचा संसार मागच्या खोलीत कोंबून कुलूप लावलं. बँकेतली ठेव मुदतीआधी मोडली. बीपीच्या गोळ्या सहा महिन्यांच्या एकदम घेतल्या, कारण तिकडे डॉक्टरला नुसतं तोंड दाखवायलाही पैसे पडतात. थंडी सरत आल्याने मैदानात बसणारे स्वेटरवाले उठायच्या बेतात होते, त्यांच्याकडून एक पुरुषी कोट स्वस्तात आणला. तो मला गुडघ्यापर्यंत येतो. शेजारीण म्हणाली, "मजा आहे बाई तुमची!" मी तिच्या तोंडावर फाटक लावलं.

आणखी एक चिंता होती. मुक्काम लांबला तर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा कसा? दर वर्षी सरकार मला विचारतं, बाई, तू जिवंत आहेस का? त्या प्रश्नाचं मला हसू यायचं. तू आहेस तरी कोण, हा प्रश्न त्याच्या आधी येईल असं मात्र वाटलं नव्हतं.

व्हिसाचे अर्ज घेणारी एजन्सी नागपूरला आहे. तिथे गेले. आधी तीन महिन्यांचा व्हिसा काढायचा, पुढचं तिथे पोचल्यावर बघायचं, असं ठरलं होतं. काउंटरवरच्या मुलीने माझा पासपोर्ट पाहिला, मुलीचा जन्मदाखला पाहिला, मुलीने तिकडून पाठवलेलं निमंत्रणाचं पत्र पाहिलं.

"मॅडम, या दोन्ही कागदांवर आईचं नाव वेगळं आहे."

"ते माझंच आहे."

"पण पासपोर्टवर ते नाही."

"लग्नात बदललं होतं."

"मग बदलल्याचा पुरावा जोडा. असाच अर्ज गेला तर परत येईल, आणि तुमच्याकडे वेळ नाही." बिचारी चांगल्या मनाने सांगत होती. मी बाहेर येऊन फुटपाथवर उभी राहिले आणि मुलीला फोन लावला.

आमच्यात सप्तपदी झाली की नवरीपुढे ताटात तांदूळ पसरतात. नवरा अंगठीने त्या तांदळात तिचं नवं नाव लिहितो, बायका टाळ्या वाजवतात, पेढे वाटतात. माझं नवं नाव माझ्या नणंदेने ठरवलं होतं. नवऱ्याच्या नावाला ते शोभतं म्हणे. मला कुणी विचारलं नाही. जुनं नाव माझ्या वडिलांनी त्यांच्या आईवरून ठेवलं होतं, आणि मी त्या नावाने लग्नाच्या सकाळपर्यंत तेवीस वर्षं जगले होते. दुपारच्या जेवणाच्या पंगतीत सासरची माणसं मला दुसऱ्याच बाईच्या नावाने हाका मारत होती आणि मी ओ देत होते.

ती दोन्ही नावं मी इथे लिहिणार नाही. ज्यांना चाळीस वर्षांत विचारावंसं वाटलं नाही त्यांना आता फुकट कशाला सांगू?

लग्नाआधीच मला नोकरी लागली होती. सेवापुस्तकात, म्हणजे पगार, पेन्शन, आधार, पासपोर्ट या सगळ्यांत, माहेरचंच नाव राहिलं. ते बदलायचं तर राजपत्रात छापून आणावं लागतं. नवरा म्हणाला, "पगार येतो आहे ना व्यवस्थित? मग राहू दे." म्हणजे पगार जुन्या नावावर चालला आणि स्वयंपाक नव्या नावावर. मुलगी झाली तेव्हा जन्माची नोंद करायला तोच गेला आणि आईच्या रकान्यात तांदळातलं नाव लिहून आला. मुलीलाही तेच नाव माहीत. म्हणून तिने निमंत्रणात तेच लिहिलं. "आई, तुझं ते दुसरं नाव मी फक्त पासबुकावर पाहिलंय," ती फोनवर म्हणाली. दुसरं! आजारी मुलीला काय बोलणार. पण चीड आली.

गंमत पुढेच आहे. माझ्या पेन्शनच्या कागदावर नवऱ्याचं नाव आहे. मुलीच्या दाखल्यावर बापाचं नाव तेच आहे, आईचं मात्र भलतंच. कागद नीट लावून वाचले तर अर्थ एकच निघतो, की मुलगी माझ्या नवऱ्याची खरी, पण त्याला दुसऱ्याच बाईपासून झालेली. त्या दुसऱ्या बाईने नऊ महिने पोटात वागवली, रात्र रात्र कडेवर घेऊन फिरवली, आणि आता तिला गाठ झाली तेव्हा त्या बाईचा कुठे पत्ता नाही.

आणि माझा नवरा होता कोण? वकील. तालुक्याच्या कोर्टात अख्खी हयात लोकांची प्रतिज्ञापत्रं लिहून दिली त्याने. दिव्याखाली अंधार म्हणतात, इथे तर दिवाच दुसऱ्याच्या घरी. त्या संध्याकाळी त्याच्या फोटोला मी अद्वातद्वा बोलले. फोटो हसत होता. तो जिवंतपणीही असाच हसायचा.

त्याच्याच हाताखाली तयार झालेल्या वकिलाकडे गेले. तो म्हणाला, राजपत्राचा अर्ज मी आज टाकतो. पण दोन्ही नावांची बाई एकच, असं शपथेवर सांगणारं एक माणूस लागेल. लग्नाला हजर असलेलं, दोन्ही नावं माहीत असलेलं. माझ्या माहेरचं कुणी उरलं नाही. सासरचे उरले फक्त भासरे, म्हणजे माझे मोठे दीर. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने नेरला गेले.

भासरे ऐंशीच्या पुढचे, निवृत्त हेडमास्तर. जन्मात खोटं बोललो नाही हे ते दर अर्ध्या तासाने सांगतात. बंगईवर बसून झोके घेत होते. सगळं ऐकलं, जिभेने च्यक् केलं आणि म्हणाले, "सही करतो न. कायले नाही करणार? आण तो कागद." भिंग लावून त्यांनी तो वाचायला घेतला आणि मध्येच बंगई थांबवली.

"हे नाव कोणाचं?"

"माझं, भाऊजी. माहेरचं."

"मले तं हे माहीतच नाही."

"लग्नाच्या पत्रिकेवर होतं."

"पत्रिका म्या कुठं वाचली? मले तारीख माहीत होती, आलो लग्नाले." भिंग त्यांनी बाजूला ठेवलं. "जे मले माहीत नाही त्याच्यावर शपथेनं सही कशी करू सांग बरं? उद्या कोणी विचारलं तं? जिंदगीत खोटी सही केली नाही मी."

चाळीस वर्षं. दिवाळ्या, बारशी, तेरावी. ज्या स्लॅबला ती बंगई टांगलेली होती त्याला माझा पगार लागला होता, आणि तो पगार त्याच नावावर निघाला होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "तुमच्या खरेपणाला काय जाळायचंय भाऊजी? तिथे एक पाच वर्षांची पोर परक्यांच्या घरी जाणार आहे."

"तं पोरीलेच इकडं बोलाव न. तिकडं जाऊन भांडे घासत बसशीन या वयात."

"घाशीन. माझ्या मुलीची भांडी घाशीन," मी म्हटलं. चहा तसाच ठेवला आणि उठले. मागून ते मोठ्याने सांगत होते की त्यात रागावण्यासारखं काय आहे.

बसस्टँडवर बसून डोकं चालवलं. माझ्या लग्नाला आमची कचेरी आली होती. साहेब गेले, मोठे कारकून गेले, बहुतेक सगळे वर गेले. उरली आमची एक शिपाई, माझ्याच वयाची. ती बंजारा समाजाची, निवृत्तीनंतर बोरी अरबच्या पलीकडे तांड्यावर मुलाजवळ राहते हे मला ऐकून माहीत होतं. निवृत्तीच्या निरोपानंतर मी तिला एकदाही भेटले नव्हते. दारव्ह्यापर्यंत बसने आणि पुढे जीपमध्ये कोंबून घेऊन दुपारी तिच्या दारात उभी राहिले.

ती अंगणात तुरी पाखडत होती. "बाई! तुमी? फोन काहून नाही केला?" सूप टाकून उठली. चौतीस वर्षं ती मला तुमी म्हणत आली आणि मी तिला तू. खाटेवर बसून मी सगळं सांगितलं. तिने हात पदराला पुसून कागद मागितला आणि अक्षरं लावत लावत वाचला.

"दोनी नावं बराबर हायेत," ती म्हणाली. "मी व्हती न लग्नात. वकीलसाहेबानं तांदळात लिवलं, साऱ्या बाया टाळ्या वाजवून राह्यल्या व्हत्या. तुमी नाही हासल्या. मी तवाच म्हनलं, हिले हे पसंत नाही."

मला रडू फुटलं. एवढ्या मांडवात एकटीने पाहिलं होतं, आणि तिने चाळीस वर्षं लक्षात ठेवलं होतं. तिने मला रडू दिलं, पाणी आणून दिलं. मग म्हणाली, "बाई, एक सांगू? राग नोका मानू."

"सांग."

"माह्या याडीची फाईल तुमच्याच टेबलावर व्हती." याडी म्हणजे तिची आई. "निराधार योजनेची. तीनदा वापस केली तुमी. रेशन कार्डावर एक नाव, मतदार यादीत दुसरं. माहेरचं अन् सासरचं. तुमी लाल पेनानं लिवलं, नावात तफावत."

मला आठवत नव्हतं. खरंच आठवत नव्हतं. अशा बायका रोज यायच्या. तो शेरा मी इतक्या कागदांवर मारला होता की माझ्या सहीपेक्षा तोच जास्त वळणदार यायचा.

"ती तुझी आई आहे हे मला सांगितलं का नाहीस?"

"सांगतलं व्हतं न. याडी बाहेर पायरीवर बसेल व्हती. मी तुमाले चहा द्याले आत आली, तवा सांगतलं, बाई, ते माह्या मायची फाईल हाय, ते एकच बाई हाय, मले माहीत हाय. तुमी म्हनलं, तू सांगून काय होते, कागद पाहिजे." हे तिने न चिडता सांगितलं, आणि तेच मला सहन झालं नाही. "मंजूर व्हायच्या आंधीच गेली ते."

नियम होता, साहेबांनी फाईल परतच केली असती, वरून तपासणी यायची, असं सगळं माझ्या तोंडाशी आलं. भासऱ्यांचीच भाषा होती ती. सकाळपासून ज्या माणसावर जळत होते त्याच्यात आणि माझ्यात फरक एवढाच होता, की तो बंगईवर बसून बोलला आणि मी खुर्चीवर बसून.

"मग तू सही कशाला करतेस?" मी विचारलं.

"तुमच्यासाठी नाही करून राह्यली," ती म्हणाली. "त्या लेकराचा काय गुन्हा हाय?"

दुसऱ्या दिवशी अर्ध्या तिकिटात ती यवतमाळला आली. नोटरीपुढे उभी राहिली, आधार कार्ड दाखवलं, जे पाहिलं ते शपथेवर सांगितलं आणि सही केली. तिकिटाचे पैसे घेतले नाहीत. जेवायला थांब म्हटलं तर म्हणाली, तुरी उघड्यावर हायेत.

पुढचं भराभर सांगते. राजपत्रात दोन्ही नावं छापून आली, मुलीच्या डॉक्टरांचं पत्र जोडून अर्ज गेला, आणि ऑपरेशनला आठ दिवस उरले असताना व्हिसा आला. स्वस्तातलं तिकीट दोन विमानं बदलून होतं. एका विमानतळावर अकरा तास खुर्चीत बसून काढले, घरून नेलेल्या दशम्या खाल्ल्या. तिथे पाणीसुद्धा विकत होतं, म्हणून नळाचं प्यायले. पोचले तेव्हा नात दाराआडून माझा कोट बघत होती.

ऑपरेशन नीट झालं हे आधीच सांगून टाकते, उगाच कुणाचा जीव टांगायला नको. पण त्या सकाळचं सांगायचं राहिलं आहे.

मुलीला भरती करायला आम्ही तिघी गेलो. काचेमागे एक बाई बसली होती, माझ्यापेक्षा थोडी लहान, चष्मा नाकावर. मुलीने फॉर्ममध्ये माझं पासपोर्टवरचं नाव लिहिलं होतं. बाईच्या कॉम्प्युटरवर आधीपासून आईचं तांदळातलं नाव होतं, मुलीनेच पूर्वी दिलेलं. बाईने फॉर्म पाहिला, पडदा पाहिला, पुन्हा फॉर्म पाहिला. ती नजर मी ओळखते. चौतीस वर्षं ती माझीच होती. मी प्लास्टिकच्या पिशवीतून सगळं काढायला लागले, प्रतिज्ञापत्र, राजपत्र, जन्मदाखला, नोटरीचा लाल शिक्का. बोटं थंडीने आखडली होती, कागद निघेनात.

बाईने चष्म्यावरून मुलीकडे पाहिलं आणि इंग्रजीत विचारलं, "या तुझ्या आई का?"

"हो," मुलगी म्हणाली.

बाईने कळफलकावर काहीतरी दाबलं, पडद्यावरचं नाव काढून फॉर्मवरचं टाकलं आणि मला म्हणाली, "लांबून आलात. आत बसा, बाहेर गारठा आहे." झालं. पिशवीतले कागद तिने पाहिलेसुद्धा नाहीत.

मुलीला आत नेलं. मी नातीचा हात धरून बाकावर बसले. "आजी, तू रडतेस?" तिने विचारलं. मी रडत नव्हते. मला राग आला होता, आणि या वेळी तो नवऱ्यावर, भासऱ्यांवर, नणंदेवर, कुणावर ढकलायची सोय नव्हती. त्या दिवशी आई कचेरीबाहेर पायरीवर बसली होती. तिची मुलगी हातात माझा चहा घेऊन माझ्यासमोर उभी होती. मला तर विचारावंही लागलं नव्हतं, तिने आपणहून सांगितलं होतं. मी चहा घेतला, आणि तिला कागद मागितला.